मैदान कोणाच्या बापाचं?

सोमालिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हाडांचा सापळा झालेलं पोर येतं. ते चित्र खोटं नाही. जुलै 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिथे दुष्काळ जाहीर केला, तेव्हा माणसं मरू लागून कित्येक महिने उलटले होते. ऑक्टोबर 2010 ते एप्रिल 2012 या काळात सुमारे 2 लाख 58 हजार माणसं गेली. त्यांतली जवळपास निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती.

याच समाजाचं दुसरं चित्र मात्र आपल्यापर्यंत येत नाही. ओस्लो, हेलसिंकी इथे जाऊन वसलेल्या सोमाली बायकांमध्ये लठ्ठपणा आणि मधुमेह यांचं प्रमाण मोठं असल्याचं तिथल्या आरोग्य पाहण्या सांगतात. मायदेशी हर्गेसासारख्या शहरातही तेच दिसतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरंच जास्त. एकाच समाजात एक बाळ भुकेने जातं आणि एक आई साखरेच्या आजाराने पाय गमावते. हे कसं, हा प्रश्न नीट विचारायला हवा. कारण त्यावर जी दोन उत्तरं सर्रास दिली जातात, ती दोन्ही मला आळशी वाटतात.

पहिलं उत्तर युरोपातल्या दवाखान्यांत ऐकू येतं: ही यांची संस्कृती आहे, यांना भरलेल्या अंगाची बाई सुंदर वाटते. वाटत असेलही. पण ही आवड आजची आहे का? त्यांच्या आज्यांच्या काळीही ती होतीच. फरक असा की भटक्या सोमाली कुटुंबात 'अकल' ही घडीची झोपडी उभारायची बाईने, मोडायची बाईने, उंटावर लादायची बाईने. पाणी दुरून आणायचं, शेळ्यांमागे दिवसभर चालायचं. आवड तीच राहिली, पायांखालची वाट गेली. मग दोष आवडीला देऊन कसं चालेल?

1991 मध्ये सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. कुणी केनियातल्या दादाबच्या छावणीत, कुणी लंडनला, कुणी अमेरिकेतल्या मिनेसोटात. उघड्या माळरानावरची बाई तिथून बर्फाच्या गावातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली. भाषा येत नाही, चार लेकरं पदरात, सहा महिने बाहेर बर्फ आणि रस्त्यावर हिजाबकडे रोखलेल्या नजरा. ती घरात बसली नसती तरच नवल.

ताटही बदललं. उंटिणीचं दूध, मांस आणि ज्वारी यांच्या जागी भात, पास्ता, तेल आणि साखर आली. पास्ता ही इटालियन राजवटीची देणगी. भाताची वाट आपल्या बाजूची. बेरबेरा बंदराचा मुंबईशी जुना व्यापार, आणि 1884 ते 1898 या काळात ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार एडनमार्फत हिंदुस्थान सरकारकडेच होता. त्यांचा 'सांबूस' आणि आपला समोसा एकाच घराण्याचे. 'शाह' म्हणजे मसाल्याचा चहा, त्यात साखर सढळ हाताने. दिवसभर उंटामागे चालणाऱ्याला ती पचत होती. फ्लॅटमध्ये बसलेल्या बाईला तीच साखर बाधते.

त्यात भुकेचं देणंही असतं. आईच्या पोटात असताना उपासमार सोसलेल्या मुलांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो, हे 1944-45 च्या डच दुष्काळाच्या अभ्यासातून दिसलं. आपल्या पुण्यातही केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतल्या बाळांवर दीर्घ अभ्यास केला. वजनाने हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, अशी ही बाळं. म्हणजे दुष्काळ आणि लठ्ठपणा ही दोन टोकं नाहीत, एकाच गोष्टीचे दोन अध्याय आहेत. ज्या समाजाने लेकरं भुकेने पुरली, त्याच्या बाईला 'तोंडावर ताबा ठेवा' असं सांगायला जीभ रेटते तरी कशी?

आता दुसरं उत्तर. ते आपल्या घरातलं आहे, म्हणून त्यावर जास्त बोलायला हवं. मिंबरवरून सांगितलं जातं की पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला ठेवा. नफ्सवर काबू मिळवा. शिकवण सोन्यासारखी आहे. पण तकरीर तिथेच थांबते. बाईने चालायचं कुठे, धावायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. उलट ती धावू लागली की फतवा येतो. 2016 च्या अखेरीस सोमालियातल्या गारोवे शहरात मुलींची बास्केटबॉल स्पर्धा भरली, तर तिथल्या धार्मिक परिषदेने हा खेळ इस्लामविरोधी ठरवला. खाणं कमी करा म्हणणारेच हालचाल बंद करतात. हा कुठला इन्साफ?

पाश्चात्त्यांनीही टेंभा मिरवू नये. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने डोक्यावरच्या रुमालाला रीतसर परवानगी दिली 2014 मध्ये. बास्केटबॉलवाल्यांनी 2017 मध्ये. तोवर मौलाना म्हणत होते रुमाल घालूनही खेळू नका, आणि पंच म्हणत होते रुमाल काढल्याशिवाय खेळू नका. दोघांचं भांडण एकमेकांशी, घरी बसली ती मुलगी.

वाट काढली ती मुलींनीच. मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड वस्तीत सोमाली मुलींनी मिनेसोटा विद्यापीठाच्या मदतीने 2015 मध्ये स्वतःला पटेल आणि खेळताना अडणार नाही असा पोशाख तयार केला. त्यासाठी त्यांनी दीन सोडला नाही आणि चेंडूही सोडला नाही.

कुणी म्हणेल, घरातच व्यायाम करावा की! दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे सतरंजी अंथरायची कुठे, हे त्याने येऊन दाखवावं. आणि धर्माचाच दाखला हवा असेल तर तो अबू दाऊदच्या हदीस संग्रहात आहे. प्रवासात पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा यांची धावण्याची शर्यत लागली, आयेशा जिंकल्या. पुढे त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पैगंबर जिंकले आणि मागची फिटंफाट झाली म्हणाले. बायकोचं वजन वाढलं म्हणून टोमणा मारला नाही, सोबत धावले. आपल्यापैकी किती नवरे ही सुन्नत पाळतात?

मित्रांनो, मी मोगादिशूची गोष्ट सांगतोय असं समजून निवांत बसू नका. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबं मुंब्र्यात आली, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. तिथेही गच्च इमारती, चिंचोळ्या गल्ल्या आणि मोकळी जागा असलीच तर तिच्यावर पोरांचं क्रिकेट. माझ्या ओळखीच्या किती खाला, फुफ्या साखरेच्या गोळ्या घेतात! डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चाला. संध्याकाळी रस्त्यावर नुसतं चालणाऱ्या बाईला मोहल्ला विचारतो, 'कहाँ जा रही हो?' तिला कुठेच जायचं नाही, तिला फक्त चालायचंय. एवढं साधं उत्तर देण्याची सोय आपण तिला ठेवलेली नाही.

तरी आशा आहे. मुंब्र्यात 2012 पासून 'परचम'च्या मुली फुटबॉल खेळतात. त्यांनी मैदानावरचा आपला हक्क मागितला. नागपाड्यात मुस्लिम मुली बास्केटबॉल खेळतात. त्यांना शाबासकी देऊन आपलं काम संपत नाही.

म्हणून तीन मागण्या. महापालिकेच्या प्रत्येक मैदानात बायकांसाठी रोजचे ठरलेले तास हवेत. मशिदीच्या आणि जमातीच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा साखर-रक्तदाब तपासणी आणि बायकांच्या व्यायामाला जागा हवी. आणि तिसरी मागणी थेट तुमच्याकडे, पोरांनो: रोज संध्याकाळी एक तास बॅट खाली ठेवा आणि मैदान सोडा. ते तुमच्या बापाचं नाही. तुमच्या आईचंही आहे.