कल्पित प्राण्यांनाही पोट हवें

गेल्या पावसाळ्यांत नवव्या इयत्तेच्या एका वर्गांत गणिताच्या तासास एक जाड वही जप्त झाली, आणि ती फिरत फिरत आमच्या हातीं आली. मराठी विभागाच्या संपादकांकडे वाङ्मय यावें हें ठीकच. परंतु या वहींत ना कविता होती, ना निबंध. तींत एका कल्पित बेटाचा नकाशा, त्यावरील ४३ पशु, ४ वृक्ष व प्रत्येकापुढें फांशांचे आंकडे होते. चौकशीअंतीं कळलें कीं, मधल्या सुटींत सहा मुलें एक खेळ खेळतात. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे शिकारी, वैद्य, भाट, चोर अशा भूमिका घेतात. सूत्रधार म्हणतो, "समोर घोर अरण्य आहे," आणि मग जो तो आपण काय करणार तें बोलून दाखवितो. यश कीं अपयश, हें फांसा ठरवितो.

हा खेळ आमच्या मुलांनीं काढलेला नव्हे. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला, व १९७७ सालीं त्यांतील पशूंचा स्वतंत्र कोशच निघाला. त्या कोशांत आपला राक्षसही आहे. मात्र त्यास वाघाचें तोंड दिलेलें आहे. असल्या खेळांत वेळ फुकट जातो, असें पालकांपैकीं कित्येकांस वाटतें. आमचें मत तसें नाहीं. आमची तक्रार खेळाविरुद्ध नसून त्या ४३ पशूंविरुद्ध आहे.

ते सारेच्या सारे हिंस्र आहेत. कोणास पांच तोंडें, कोणास विषारी शेपूट, बहुतेकांच्या मुखांतून ज्वाळा. चार वृक्षांपैकीं तीन माणसें गिळतात. हरिण नाहीं, ससा नाहीं, गवताची काडी नाहीं. खऱ्या वाघास वर्षाकाठीं सुमारें ५० हरणांएवढी शिकार लागते. मग या बेटावर हे एवढे वनराज कोणाच्या जिवावर जगतात?

कोणी म्हणेल, कल्पनेस हिशेब कशाला? आपल्या पूर्वजांनींही शरभ, मकर, गंडभेरुंड कल्पिलेच कीं! कल्पिले खरे. जंजिऱ्याच्या महाद्वारावर पंजांत हत्ती धरलेला एक पशु कोरलेला आहे. परंतु दाराशीं उभें राहून सामर्थ्य दाखविणें एवढेंच त्याचें काम. कित्येक शतकें त्यानें ते हत्ती धरून ठेविले आहेत, अद्याप एकही खाल्लेला नाहीं, आणि त्याबद्दल त्यास कोणी जाब विचारीत नाहीं. गोष्टींतही लेखक सोयीप्रमाणें पशु आणतो, नायकाकडून मारवितो व प्रकरण संपवितो. या खेळांत तसें चालत नाहीं. समोर बसलेला शिकारी विचारतो, "याच्या पावलांचे ठसे कसे असतात? हा झोंपतो कोठें?" वैद्य विचारतो, "या झाडाची साल उकळली तर काय होईल?" आणि चोर हमखास विचारतो, "याचें अंडें बाजारांत कितीस जाईल?" सूत्रधारास तेथल्या तेथें उत्तर द्यावें लागतें. ज्याच्या पशूस नुसते दांतच आहेत, तो पहिल्याच प्रश्नास निरुत्तर होतो.

त्या अमेरिकन कोशांतील एक प्राणी येथें सांगण्याजोगा आहे. हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांपैकीं एका विचित्र खेळण्यावरून गायगॅक्स यानें तो योजिला. त्याच्या मिशांचा स्पर्श होतांच लोखंड गंजतें, व तो गंज तो खातो. एवढेंच. पण एवढ्यानें सगळा डाव पालटतो. चिलखत घातलेला सरदार त्यास पाहून पळत सुटतो, आणि लांकडी काठीचा भिकारी निर्धास्त उभा राहतो.

आमच्या वहींत एक नोंद खोडलेली होती, आणि आमच्या मतें तीच सर्वांत उत्तम. "चिखलावर चालणारा मासा. डोळे माथ्यावर. पाण्याबाहेर श्वास घेतो. राहण्यास बीळ." खालीं दुसऱ्या अक्षरांत शेरा: "अशक्य. मासा चालत नाहीं. विरुद्ध मतें पांच, बाजूनें एक." पंचमुखी अग्निसिंह मात्र एकमतानें मंजूर! नोंद करणाऱ्या मुलास आम्हीं बोलाविलें. त्याचे आजोबा वडाळ्याच्या मिठागरांत कामास होते. हा मासा त्यांनीं सांगितलेला.

तो मासा म्हणजे निवटी. कोळीवाड्यांत त्याचें कालवण होतें. पुढच्या परांच्या जोरावर तो ओल्या चिखलांत सरपटतो व उड्या मारतो. ओल्या कातडींतून व कल्ल्यांशीं सांठविलेल्या पाण्यावर त्याचा श्वास चालतो. त्याच्या कांहीं जाती तिवरांच्या मुळ्यांवरही चढतात. तें तिवराचें झाड तरी काय कमी नवलाचें? त्याच्या मुळ्या श्वासासाठीं चिखलांतून वर आकाशाकडे येतात, आणि पानें अंगांतलें मीठ बाहेर टाकतात. पान जिभेस लावून पाहावें. त्याच चिखलांत एक लहानसा खेकडा असतो. नराचा एक आंकडा जवळजवळ त्याच्या देहाएवढा, पण खाण्यास निरुपयोगी. तो नुसता हालवून मादीस बोलवावयाचें व प्रतिस्पर्ध्यास दटावयाचें. शिवडीस हिवाळ्यांत येणारे रोहित पक्षी डोकें उलटें करून खातात, आणि त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या अन्नांतूनच येतो. यांपैकीं एकही त्या सभेंत निवडून आला नसता.

वडाळ्याहून शिवडी हें रेल्वेचें एकच स्टेशन. तथापि त्या सहांपैकीं पांच मुलांनीं ओहोटीची खाडी कधीं पाहिलेली नव्हती. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. इतकीं वर्षें या शाळेंत काढून आम्हीही या वहीच्या निमित्तानेंच प्रथम तेथें गेलों. वडाळ्याचीं मिठागरें आजोबांच्या बोलण्यांत उरलीं. २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस राज्यभर मनाई केली, हें उत्तम झालें. परंतु ज्या मुलास निवटी हा अशक्य प्राणी वाटतो, तो मोठा झाल्यावर खाडींत भराव पडूं लागला, तर कशाच्या नांवानें हरकत घेईल?

म्हणून पालकांस विनंति कीं, वह्या फाडूं नयेत. त्याऐवजीं हिवाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं ओहोटीची वेळ पाहून मुलांस शिवडीच्या धक्क्यावर न्यावें. पायांत जुन्या चपला असाव्यात, व चिखलांत उतरूं देऊं नये.

वही आम्हीं परत केली आहे, मात्र एका अटीवर. प्रत्येक पशूपुढें तो काय खातो, त्यास कोण खातें, व भरतीच्या वेळीं तो कोठें असतो, हें लिहावयाचें. पहिल्याच आठवड्यांत ४३ पैकीं १९ पशु नाहींसे झाले व गवताच्या दोन जाती दाखल झाल्या. निवटीविषयीं फेरमतदान व्हावयाचें आहे. अग्निसिंहाच्या जनकानें आपला सिंह काय खातो हें ठरविण्यासाठीं दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आहे.