पाकिटातले प्रमाण पेशीपटल ठरवते

ओआरएस म्हणजे थोडे मीठ, थोडी साखर आणि पाणी, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. मग साखर थोडी वाढली किंवा पाणी थोडे कमी पडले, तर बिघडते कुठे? या समजुतीवरच ओआरएसचे नाव लावलेली गोड पेये औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षे विकली गेली. हे ओआरएस नव्हे, असा खुलासा खाली छापला की झाले, अशी मुभाच त्यांना २०२२ मध्ये मिळाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ती काढून घेतली, हे योग्यच झाले. पण नुसत्या बंदीने काम भागणार नाही. पाकिटातले प्रमाण आपल्या आतड्यातल्या पेशीपटलाने घातलेल्या अटीतून आले आहे, आणि ती अट लोकांना कळत नाही तोवर एक पेय गेले तरी दुसरे त्याची जागा घेईल.

ही अट पटलाच्या रचनेतच आहे. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरवला, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागा व्यापली. पटल मेदाच्या दोन थरांचे असते, हे त्यावरून ध्यानात आले. त्याचा मधला भाग तेलकट असल्याने सोडियमचा विद्युतभारित कण किंवा ग्लुकोजचा रेणू त्यातून आपला आपण पार होऊ शकत नाही. पटलात रुतलेल्या प्रथिनांमधूनच त्यांना वाट मिळते. लहान आतड्याच्या पेशींवर असे एक प्रथिन आहे, एसजीएलटी-१. ते एका ग्लुकोजबरोबर सोडियमचे दोन कण आत घेते आणि त्यासाठी दोघेही हजर असावे लागतात. त्याच पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला दुसरे प्रथिन सोडियम सतत बाहेर उपसत असते, म्हणून पेशीत सोडियम कमीच राहते आणि आतड्यातले सोडियम आत येत राहते. पाणी त्याच्या मागोमाग येते. सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली, आणि ओआरएसचे सगळे शास्त्र तिच्यावर उभे आहे.

पटकीच्या आजारात हे फार स्पष्ट दिसते. पटकीचे विष पेशीपटलावरच्या एका विशिष्ट रेणूला चिकटते, आत संदेशांची साखळी सुरू होते आणि क्लोराइडची दारे उघडीच राहतात. क्लोराइडपाठोपाठ सोडियम आणि पाणी आतड्यात ओतले जाते. काही तासांत माणूस कोरडा पडतो. मात्र एसजीएलटी-१ या गोंधळात शाबूत राहते. एका वाटेने पाणी वाहून जात असतानाही दुसऱ्या वाटेने ते शरीरात घेता येते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे मोजून केलेले द्रावण रुग्णांना पाजायला लावले. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्के होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, निधनानंतर; याची खंत वाटते.

आता साखरेचे पाहू. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज असते १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. साध्या शीतपेयात लिटरमागे साखर शंभर ग्रॅमच्या आसपास असते, सोडियम मात्र नावालाच. सोडियमची जोड नसलेले जास्तीचे ग्लुकोज आतड्यातच राहते आणि शरीरातले पाणी उलट आतड्याकडे ओढते. जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेचे जुने सूत्र अनेक वर्षे उपयोगी पडले होते, तरी त्यातलेही ग्लुकोज आणि सोडियम २००२ मध्ये कमी केले गेले, कारण सौम्य द्रावणाने जुलाबाचे प्रमाण घटते असे चाचण्यांत दिसले. तज्ज्ञांनी ठरवलेल्या सूत्रातही एवढा फरक पडतो, तर सात-आठपट साखरेने काय होत असेल?

मूल खारट द्रावण तोंडात घेत नाही, काहीच न पिण्यापेक्षा गोड बरे, असे यावर कोणी म्हणेल. उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाबाबत ते चालेल. जुलाब लागलेल्या मुलाला मात्र मीठ घातलेली भाताची पेज किंवा ताक हे गोड पेयापेक्षा केव्हाही चांगले. खारट द्रावणही चमच्याचमच्याने दिले तर बहुतेक मुले घेतात. सलाइन लावले की झाले, असे मानणाऱ्यांचे म्हणणे अतिगंभीर रुग्णापुरते खरे आहे. बाकीच्यांना सुईची गरज नसते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सामान्य माणसाला पटलाचे शास्त्र कशाला, ‘एक पाकीट, एक लिटर’ एवढे पुरे. पण कारण माहीत नसलेली सूचना घाईत सहज मोडली जाते. बाजारात २०० मिलिलिटरची पाकिटेही मिळतात. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवणाऱ्या आईला आपण औषध दाट आणि जोरकस केले असेच वाटते, कारण तसे केल्याने पाणी उलट्या दिशेने जाते हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

शाळेत पेशीपटलाची आकृती काढून घेतात, मनुका पाण्यात टाकून परासरण दाखवतात आणि धडा संपतो. त्याच तासाला ओआरएसचे पाकीट फोडून लिटरभर पाण्यात कालवायला आणि त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायला फार वेळ लागत नाही. कोणत्या पाकिटाला किती पाणी, हे मराठीत, ठळक आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूला छापण्याची सक्ती प्राधिकरणाने आता करावी.