वेध आणि वेधकर्ता

शास्त्राची गोष्ट निघाली कीं शोध लावणारा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्यानें आंकडे टिपून ठेवले तो सहसा राहत नाहीं. कुलाबा वेधशाळेची हकीकत या दृष्टीनें सुज्ञ वाचकांनीं पाहण्यासारखी आहे.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं मुंबईस बांधविली. आपले केरो लक्ष्मण छत्रे यांची उमेदवारी येथेंच झाली. पृथ्वीचें चुंबकत्व मोजण्याचें तेथील काम मोठ्या चिकाटीचें. टांगत्या चुंबकाचें स्थान दर तासाला डोळ्यांनीं वाचावयाचें, वहींत मांडावयाचें आणि पुढें ते आंकडे छापून जगापुढें ठेवावयाचे.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन व हॉजसन यांस सूर्यावर एकाएकीं प्रखर उजेड दिसला. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें. तारायंत्रें बिघडलीं, इंग्लंडांतील स्वयंलेखक यंत्रांची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यास मात्र माणूस वाचीत होता. तासाची वाट न पाहतां त्यानें थोड्याथोड्या मिनिटांनीं आंकडे घेतले. २००३ सालीं त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना व अलेक्स यांनीं ते उघडून हिशेब केला, तेव्हां क्षितिजसमांतर घटक सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरल्याचें दिसलें. एकशें चव्वेचाळीस वर्षांनीं! विजेचीं जाळीं व कृत्रिम उपग्रह अशा वादळांत टिकतील काय, याचा विचार करणारे आज हा आंकडा पुढें ठेवतात. (विजेच्या ट्रामा येणार म्हणून १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा सुरू झाली व कांहीं काळ दोन्हीकडे मापन चालू ठेवलें, हीहि दूरदृष्टीच.)

या शोधांत कुलाब्याचें नांव घेतलें गेलें, हें रास्तच झालें. पण वेधशाळा म्हणजे इमारत. त्या रात्रंदिवसांत जागला तो माणूस. याबाबतींत आम्हांस अमेरिकेंतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संस्था अधिक पसंत पडते. १९११ सालीं निघालेली ही संस्था वेध सर्वांस खुले ठेवते आणि प्रत्येक वेधाशेजारीं निरीक्षकाची खूण नोंदविते. जेसोरच्या सरकारी खजिन्यांत नाणीं मोजण्याची नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनीं तिला ३७,००० हून अधिक वेध पाठविले. संस्थेनें त्यांस सहा इंची दुर्बीण धाडली. तीच पुढें वेणू बापू यांच्याकडे आली.

आतां आपल्या पेडगांवाकडे पाहूं. परभणीच्या या बाजूस एका शिवारांत धो धो पाऊस आणि शेजारच्यांत कोरडें ठणठणीत, हें नवें नाहीं. सरकारी मापन मात्र मंडळनिहाय होतें. अशा वेळीं घरोघरच्या पर्जन्यनोंदींचें मोल शेतकऱ्यास ठाऊक आहे. पण कोणी वडीलधारे “आमची वही आम्ही कां द्यावी?” म्हणतात, आणि कोणी घेऊन जाणारा आंकडे आपलेच म्हणून मिरवितो. दुसऱ्याचें वर्तन असें, म्हणून पहिल्याचा संशय अगदींच निराधार म्हणवत नाहीं. तरी वही द्यावी. मात्र नांवासह द्यावी. पहिल्या पानावर मापकाचें ठिकाण लिहावें, वाचन रोज सकाळीं साडेआठास घ्यावें. मापक थोरल्या काकांनीं विकत आणलेला असला तरी वाचणारी धाकटी सूनबाई असेल, तर त्या त्या ओळीपुढें आद्याक्षर तिचेंच पडावें.