डॉल्बीच्या भिंतीआड हरवलेला वादक

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत भाद्रपद जवळ आला की एक वाद नेमाने डोके वर काढतो. डॉल्बी वाजणार की नाही? मंडळे आग्रह धरतात, पोलीस नोटिसा बजावतात, पुढारी आपापली बाजू जाहीर करतात आणि अनंत चतुर्दशी उलटली की विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. मात्र या वादाच्या खात्यावर माणसांचे जीव जमा आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये साताऱ्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी भिंत कोसळून तीन जणांचा बळी गेला आणि ती डॉल्बीच्या हादऱ्याने पडल्याचा आरोप झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील कवठेएकंद आणि वाळवा तालुक्यातील दुधारी येथे विसर्जन मिरवणुकीच्या काळात दोन तरुण दगावले. डीजेच्या दणदणाटात त्यांच्या हृदयावर ताण आला, असे तेव्हा सांगण्यात आले.

मृत्यूचे नेमके कारण ठरविणे हे वैद्यकशास्त्राचे आणि तपासयंत्रणेचे काम आहे. परंतु या घटनांनंतरही चर्चा 'परंपरा की तरुणाई' या ठरीव चाकोरीतून बाहेर पडली नाही. वास्तविक डॉल्बीकडे संगीत म्हणून पाहिले, तर वेगळाच प्रश्न समोर येतो. यंत्राचा प्रचंड आवाज हेही संगीताचे साधन होऊ शकते, हे जगाने पाहिले आहे. मग आपल्याकडे त्याचे संगीत का झाले नाही?

नाव शांततेचे, काम गोंगाटाचे

'डॉल्बी' हे नावच या विसंगतीचे पहिले उदाहरण आहे. रे डॉल्बी हे अमेरिकी अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली कंपनी काढली. ध्वनिफितीवर मूळ संगीतामागे जी सततची खरखर ऐकू येई, ती कमी करणे हे त्यांचे पहिले मोठे संशोधन. म्हणजे ज्याने आवाजातील नको तो अंश काढून टाकला, त्याचेच नाव कृष्णाकाठी कर्ण्यांच्या उभ्या भिंतीला मिळाले. मिरवणुकीतील त्या यंत्रणेचा या कंपनीशी नावापलीकडे संबंध नाही.

कारखान्यातून आलेले संगीत

यंत्राच्या आवाजाला कलेत आणण्याचा प्रयोग पाश्चात्त्य देशांत सत्तरच्या दशकात सुरू झाला. १९७६ मध्ये लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि या प्रकाराला नाव मिळाले. १९८० मध्ये बर्लिनमध्ये निघालेल्या आइनश्टुर्झेंडे नॉयबाउटेन या गटाने पत्रे, भंगार आणि ड्रिल मशीन वाद्ये म्हणून वापरली. त्यांच्या नावाचा अर्थ 'कोसळणाऱ्या नव्या इमारती'. पुढे या धारेत हेवी मेटलची गिटार मिसळली आणि 'इंडस्ट्रियल मेटल' जन्माला आले. कारखान्यांचे शहर असलेल्या बर्मिंगहॅममधील गॉडफ्लेश या गटाने ढोलवादकाच्या जागी यंत्र आणले. त्यांची 'स्ट्रीटक्लीनर' (१९८९), शिकागोच्या मिनिस्ट्रीची 'साम ६९' (१९९२) आणि ट्रेंट रेझ्नर यांच्या नाइन इंच नेल्सची 'द डाउनवर्ड स्पायरल' (१९९४) ही ध्वनिमुद्रणे या प्रकारातील अव्वल कामांत मोजली जातात.

या कलावंतांचे जोडप्रकल्पही बोलके आहेत. गॉडफ्लेशचे जस्टिन ब्रॉडरिक 'जेसू' या दुसऱ्या गटात संथ, सुरेल रचनांकडे वळले. रेझ्नर यांनी अॅटिकस रॉस यांच्यासह चित्रपटसंगीत केले आणि 'द सोशल नेटवर्क'साठी २०११ मध्ये ऑस्कर मिळविले. ज्याला गोंगाट घडविता येतो, त्याला शांतताही घडविता येते, हे त्यातून दिसले. याउलट या प्रकारातील सुमार गटांची एकच खूण आहे. त्यांच्याकडे केवळ एकसुरी ठोका आणि वाढविलेला आवाज असतो, ऐकणाऱ्याला सांगण्यासारखे काही नसते.

यातून चांगल्या-वाईटाच्या तीन कसोट्या निघतात. आवाज कोणीतरी घडवितो का? ऐकणारा स्वतःच्या मर्जीने आला आहे का? आणि त्या आवाजाला उतार, विराम आहे का? इंडस्ट्रियल मेटलचा श्रोता तिकीट काढून जातो, नको वाटल्यास उठून येतो. त्या सभागृहाशेजारी बाळंतीण किंवा रुग्ण अडकून पडलेला नसतो.

तिन्ही कसोट्यांवर नापास

मिरवणुकीतील डॉल्बी या तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्ण्यांची चळत असते, जनरेटर असतो आणि आधीच मुद्रित झालेली गाणी असतात. घडविणारा वादक तिथे नसतोच. ऐकणाऱ्याला निवड नसते, कारण मिरवणूक त्याच्या दारावरून जाते. विरामही नसतो, कारण दोन मंडळांची स्पर्धा फक्त आवाजाच्या आकड्यावर चालते.

हा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. डेसिबलचे मोजमाप सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. यंत्रणा १०० डेसिबलवर गेली तर ती ४५ डेसिबलने अधिक, म्हणजेच तीव्रतेत तीस हजार पटींहून जास्त असते. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, तर १०० डेसिबलला ही मुदत अवघी पंधरा मिनिटे उरते. मिरवणूक एका चौकात याहून अधिक वेळ सहज थांबते.

त्यात खर्जाच्या आवाजाचा धर्म निराळा. ५० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे सात मीटर असते. दारे-खिडक्या लावल्या तर तीव्र स्वर अडतात, खर्ज मात्र भिंती ओलांडून आत येतो आणि छातीत जाणवतो. जुन्या पेठांतील अरुंद रस्त्यांवर समोरासमोरच्या घरांवरून तो परत परत आदळतो. मोकळ्या मैदानावर जो आवाज अंतराबरोबर विरतो, तो गल्लीत कोंडला जातो.

कायदा आहे, काटा नाही

नियमांची वानवा नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास मनाई आहे. वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पण ही सवलत वेळेची आहे, आवाजाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये अंमलबजावणीबाबत सविस्तर आदेश दिले. विश्वास नांगरे-पाटील कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असताना सातारा व सांगलीसह संपूर्ण परिक्षेत्रात डॉल्बीमुक्त उत्सवाची मोहीम राबविण्यात आली. २०१८ मध्ये बंदी उठविण्याची ध्वनियंत्रणा व्यावसायिकांची मागणी उच्च न्यायालयाने विसर्जनाच्या तोंडावर मान्य केली नाही. त्याच वर्षी साताऱ्याचे खासदार उदयनराजे भोसले यांनी डॉल्बीच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली होती. एकाच शहरात न्यायालयाचा आदेश आणि लोकप्रतिनिधीचा शब्द समोरासमोर उभे ठाकले.

शिक्षेचे स्वरूपही बदलले आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. जनविश्वास कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिने नियमभंगासाठी कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आणली. कैदेची धमकी प्रत्यक्षात क्वचित उतरते, दंड मात्र वसूल होऊ शकतो. त्यासाठी मोजणी वेळेवर, जागेवर आणि नोंदीसह व्हायला हवी. त्याच ठिकाणी व्यवस्था अडते. मिरवणूक संपल्यावर दाखल होणारा गुन्हा त्या रात्रीच्या कानांना उपयोगाचा नसतो.

वादकाची रोजी

या वादात ज्याचे नाव फारसे निघत नाही, तो आहे वादक. या दोन जिल्ह्यांच्या मिरवणुकांत हलगी, घुमके आणि कैताळ होते, सनई होती, लेझीम आणि झांज होती, आटपाडी-जतच्या बाजूचे धनगरी ढोल होते. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट-ट्रंपेटचा बँड, नंतर टेम्पोवरची बेंजो पार्टी आली. यात दहा-वीस माणसांचा चरितार्थ चाले. डॉल्बीने ती सुपारी एका चालकाच्या हाती दिली.

येथे निव्वळ जुन्याचा गहिवर उपयोगाचा नाही. हलगी वाजविणारा बहुधा मातंग समाजातील असे आणि गावगाड्यात ते वादन पुष्कळदा कलावंताच्या मानाने नव्हे, तर बलुत्याच्या हक्क-बंधनातून होई. त्या समाजातील नव्या पिढीला ते नको झाले असेल तर तिला दोष देता येणार नाही. दुसरीकडे, कर्ज काढून ध्वनियंत्रणा घेतलेला तरुणही गावातलाच आहे आणि हंगामाच्या चार सुपाऱ्यांवर त्याचे हप्ते अवलंबून असतात. म्हणून नुसती बंदी हे उत्तर अपुरे ठरते. पारंपरिक वाद्ये हवीत असे भाषणात सांगणाऱ्यांनी ती वाजविणाऱ्यांना कलावंताचे मानधन देण्याची तयारी दाखवायला हवी.

मिरजेचा धडा

पोटाचा धंदा बदलूनही कारागिराचा हात कसा टिकतो, याचे उत्तम उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. मिरजेचे शिकलगार शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचे काम आटले, तेव्हा फरीदसाहेब सतारमेकर यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत लक्ष घातले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गावात गाण्याचा राबता होता. दुरुस्तीचा तो जोडधंदा पुढे मुख्य व्यवसाय झाला. पंढरपूर परिसरातील भोपळ्यापासून घडलेल्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी हे गाव आपले मानले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी संगीतसभा होत आल्या आहेत.

मिरजेला हे साधले, कारण तिथे आश्रय देणाऱ्याने पैसा माणसाच्या हातावर ठेवला. मंडळांची वर्गणी हाही लोकाश्रयच आहे. तो कर्ण्यांच्या भाड्यात घालायचा की वादकाच्या मानधनात, हा निर्णय मंडळांचाच.

२०२५ मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्यामुळे शासनाची जबाबदारी वाढली आहे. प्रत्येक ध्वनियंत्रणेला आवाजाची कमाल मर्यादा बांधणारे उपकरण बसविणे, मिरवणूक मार्गावर घरांच्या भिंतीलगत मोजणी करून आकडे त्याच रात्री जाहीर करणे, रुग्णालयांजवळचा टप्पा पूर्ण शांत ठेवणे आणि परवानगी देताना जिवंत वादन ठेवणाऱ्या मंडळांना प्राधान्य देणे, ही कामे नव्या कायद्याविना होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी १०० डेसिबलची पंधरा मिनिटांची सरासरी ही कमाल मर्यादा सुचविली, तीही स्वखुशीने आलेल्या श्रोत्यांसाठी. ज्यांना निवडच नाही, त्यांच्यासाठी मर्यादा त्याहून पुष्कळ खाली असायला हवी, आणि आपल्या नियमांत ती आहेही. सातारा-सांगलीच्या पुढच्या विसर्जनाला कसोटी याच मर्यादेची राहील.