हाताच्या तासाला मोल कमी कां?

शेत गहाण टाकून पोराला एम. एस्सी. केलें, तो सेट पास झाला, आतां कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवितो, असें सांगतांना शेतकरी बापाची छाती फुगते. पण पगार विचारा! पोरगा तासिकेवर आहे. जितके तास शिकविले तितक्यांचेच पैसे, सुटींत कांहीं नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं अतिथी अध्यापकास दर व्याख्यानाला १५०० रुपये, महिन्यास फार तर ५०,००० रुपये, असें ठरविलें. महाराष्ट्रांतील सरकारी दर त्याच्या मागेंच राहिले; आणि त्यांतही प्रयोगाच्या तासाला व्याख्यानाच्या तासाहून कमी दाम!

हा न्याय कोणता? लंबक टांगणें, भिंगें जुळविणें, तार कोठें तुटली तें शोधणें, एकेका पोराची प्रयोगवही तपासणें, हें काय फुकटचें काम? तोंडाच्या कामाला जास्त आणि हाताच्या कामाला कमी, ही रीत आमच्या सुतार-लोहारांस नवी नाहीं. प्रयोगावांचून पदार्थविज्ञान म्हणजे कागदावरचा नांगर. सरकारनें दोन्ही तासांस एकच दर द्यावा, तयारीचा वेळ हिशेबांत धरावा, रिकाम्या जागा कायमच्या भराव्या. तोंवर बापहो, पोरगा प्रोफेसर झाला म्हणून लग्नाला कर्ज काढूं नका.