बंदुकीआधी दिवसाची वीज

ज्वारी पोटरीत येते, रात्री थंडी धरते आणि गावोगावच्या बैठकांतून एक मागणी हमखास निघते: शेतकऱ्याला बंदूक द्या आणि जनावर मारायची मोकळीक द्या. करमाळा तालुक्यात ही मागणी कोणी हौसेने करत नाही. डिसेंबर २०२० नंतर तिला हसण्याचा अधिकार कोणालाच उरलेला नाही. म्हणूनच ती मेळाव्यात मांडण्याआधी आपली आपण तपासून घेतली पाहिजे. घाईने मागितलेली गोष्ट सरकार एक तर फेटाळते, नाहीतर अशी देते की घेणाऱ्याच्याच गळ्यात पडावी.

त्या डिसेंबरात काय घडले ते आठवा. आधी आष्टी तालुक्यात माणसे मारलेला बिबट्या आपल्या हद्दीत आला असे सांगण्यात आले. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात फुंदेवाडी, अंजनडोह आणि चिखलठाण या तीन गावांत तीन बळी गेले. एक पुरुष, एक स्त्री आणि ऊसतोड मजुराची एक चिमुरडी. उसाचा फड, केळीची बाग, ज्वारीचे रान, कुठेच एकटे जाण्याची सोय राहिली नाही. वन खात्याने ठार मारण्याचा आदेश काढला. पिंजरे लागले, नेमबाज आले. शेवटी १८ डिसेंबरला वांगी परिसरात अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटलांच्या गोळीने तो बिबट्या पडला. तालुक्याने सुटकेचा श्वास टाकला.

त्या गोळीचे मोल आम्ही कमी करत नाही. माणसाला चटावलेल्या जनावराला गोळीच घालावी लागते. पण हिशेब पाहा. आदेश होता, बंदुका होत्या, सराईत नेमबाज होते, सारे सरकार कामाला लागले होते. तरी तिसऱ्या बळीनंतर गोळी लागायला दहा दिवसांहून जास्त गेले. मग रात्री एकटा दारे धरणारा शेतकरी एका हातात फावडे, एका हातात बॅटरी आणि खांद्यावर बंदूक घेऊन स्वतःचा जीव कसा वाचवणार? बिबट्या समोरून येत नाही. तो वाकलेल्या माणसावर मागून येतो.

आता बंदुकीचेच बोलू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्यासाठी जागा आहे. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी किमान वीस इंची नळीची छर्ऱ्याची बंदूक, यांचा परवाना मागता येतो. बारा बोरच्या बंदुकीतले मोठे छर्रे तीस-चाळीस मीटरपर्यंत कामाचे. त्यापुढे ते जनावर मारत नाहीत, जखमी करतात. जखमी बिबट्या किंवा जखमी रानडुक्कर उसात शिरले, तर सकाळी त्याच उसात कोयता घेऊन जाणाऱ्याचे काय? रायफल लांबवर मारते खरी, पण तिची गोळी चुकली तर किलोमीटरभर जाते. आपला मुलूख सपाट. ज्वारी डोक्याएवढी उभी. तिच्या पलीकडे वस्ती आहे, कोपी आहे, मेंढ्यांचा वाडा आहे, हे अंधारात कोणाला दिसणार? शिवाय परवाना मिळाला म्हणजे शिकारीची परवानगी मिळाली असे नाही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, ते वेगळेच.

परवानगीचा कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. त्याचे ११ वे कलम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. बिबट्या, लांडगा असे पहिल्या अनुसूचीतले जनावर माणसाच्या जिवावर उठले, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. मात्र ते पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नाही, अशी त्याची आधी खात्री झाली पाहिजे. दुसऱ्या अनुसूचीतल्या रानडुकरासारख्या जनावराचे तसे नाही. ते उभ्या पिकाला धोकादायक झाले तरी परवानगी देता येते आणि ती अधिकार दिलेला खालचा अधिकारीही देऊ शकतो. याच कलमात आणखी एक वाक्य आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारले गेले, तर तो गुन्हा नाही. म्हणजे कायद्यात वाट आहे, पण ती कचेरीतून जाते आणि तिथेच अडते. डुकराचा कळप ज्वारी एका रात्रीत लोळवतो. त्याच्यासाठीचा कागद महिनाभर फिरत असेल तर तो कागद काय कामाचा? लढाई इथे आहे.

काही भाऊ म्हणतात, बिबट्याचे राहू द्या, कोल्ह्या-लांडग्यांची तरी सरसकट शिकार खुली करा. त्यांना आम्ही अमेरिकेकडे बोट दाखवू. तिथे कोयोट नावाचे जनावर आहे, आपल्या कोल्ह्याहून थोरले आणि लांडग्याहून धाकटे. हिवाळ्यात त्याची कातडी दाट होते. तेव्हा शिकारी बर्फात न रुतणारे रुंद जोडे घालून, दुर्बीण लावलेल्या रायफली घेऊन त्याच्या मागे लागतात. सरकारी खातेही दरवर्षी हजारोंनी मारते. फासे झाले, विष झाले. एवढे करून शंभर वर्षांत कोयोट संपला नाही. पश्चिमेच्या माळावरचा हा प्राणी पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. बंदुका, गोळ्या आणि पैसा यांची ददात नसलेल्या देशाची ही गत.

आपल्या रानातला कोल्हा उंदीर खातो, मेलेले जनावर खातो, बोरे खातो. भुईमुगात, कलिंगडात नासाडी करतो हेही खरे. पण ज्वारीच्या कणसाचा आणि कणगीतल्या दाण्याचा मोठा चोर उंदीर आहे आणि कोल्हा त्याला फुकटात मारतो. लांडग्याचा हिशेब वेगळा. तो मेंढी नेतो आणि नुकसान एकट्या मेंढपाळाचे होते. धनगर भावाला लांडगा जगवण्याचा उपदेश करणाऱ्याने आधी त्याच्या मेंढीची किंमत मोजावी, पुरती आणि वेळेवर. तोवर उपदेशाचा अधिकार नाही. मात्र आपणही बिळात धूर करून पिल्ले मारणे आणि मढ्यात विष घालणे थांबवले पाहिजे. विषाने गावची कुत्री मरतात, घुबडे मरतात आणि गुन्हा आपल्यावर चढतो.

मग मूळ दुखणे कोणते? बिबट्याला लपायला उजनीच्या काठचा ऊस आहे, हे एक. त्याहून मोठे दुखणे म्हणजे शेतकऱ्याला रात्री रानात पाठवणारे विजेचे वेळापत्रक. कोरडवाहूवाल्याला विजेचे काय, असे कोणी विचारेल. रब्बी ज्वारीला विहिरीचे एक-दोन पाणी मिळाले तर पिकाचे नशीब बदलते. ते द्यायचे असते पोटरीत, पन्नास-पंचावन्न दिवसांनी, आणि फुलोऱ्यात, सत्तर-पंच्याहत्तर दिवसांनी. सप्टेंबर-ऑक्टोबरची पेर धरली तर हे दिवस नेमके नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. विहिरीत पाणी थोडे, वीज रातपाळीची, थंडी हाडे फोडणारी आणि रान उभ्या पिकाचे. म्हणजे एका पाण्यासाठी जीव पणाला लावायचा. शहरातले दिवे रात्रभर जळतात, कारखाना दिवसा चालतो. रात्री जागायचे ते फक्त शेतकऱ्याने, हा न्याय कोणत्या घटनेत लिहिला आहे?

सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा अवतार आला. दोन्ही वेळी वचन एकच: शेतीला दिवसा वीज. ज्या वाहिनीवर ती आली तिथे आनंद आहे. जिथे अजून रातपाळी आहे, तिथे सरकारला रोज जाब विचारला पाहिजे. बिबट्याच्या बळीच्या वारसाला २०२० मध्ये १५ लाख मिळत होते, २०२२ मध्ये ते २० लाख केले, पुढे आणखी वाढवले. मेलेल्या शेतकऱ्याची किंमत सरकार वाढवत जाते. जिवंत शेतकऱ्याला मात्र कापसाच्या भावासाठी आणि दिवसाच्या विजेसाठी रस्त्यावर उतरावे लागते.

वीज येईपर्यंत हात बांधून बसू नका. रात्री पाण्यावर जोडीने जा. पायात गमबूट घाला, बिबट्याहून साप जास्त माणसे मारतो. बॅटरी आणि काठी सोडू नका. मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी लावा. अंधारात एकटे वाकून किंवा उकिडवे बसू नका, बिबट्याला तो माणूस वाटत नाही. शेळ्या-मेंढ्या वरून झाकलेल्या गोठ्यात किंवा पक्क्या वाघरीत ठेवा. उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत लहान पोरे असतात, त्यांच्याभोवती उजेड ठेवणे बागायतदाराचे काम आहे. कोल्हा, कुत्रा, लांडगा, कोणीही चावले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. जनावर मेले तर मढे हलवण्याआधी वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्या.

मेळाव्यापुढे आम्ही चार मागण्या ठेवत आहोत. एक, जिथे बिबट्याचा वावर नोंदला गेला त्या प्रत्येक वाहिनीवर रातपाळी तात्काळ बंद करून दिवसा वीज. दोन, पिकातल्या रानडुकरांच्या अर्जावर तालुक्यातच, ठरलेल्या मुदतीत निकाल आणि तोही लेखी. तीन, माणूस मारणाऱ्या जनावराबाबत पहिल्या बळीनंतरच आदेशाची कारवाई सुरू, तिसऱ्याची वाट न पाहता. चार, मेंढी, शेळी आणि पीक यांची भरपाई चालू बाजारभावाने. बंदुकीचा परवाना ज्याला हवा त्याने जरूर मागावा, तो त्याचा हक्क आहे. पण ती आपली पहिली मागणी होऊ देऊ नका. बंदूक हातात देऊन सरकार उद्या म्हणेल, आता तुमचे तुम्ही बघा. आपल्याला रात्रीचा पहारेकरी व्हायचे नाही. आपल्याला दिवसा शेती करायची आहे.