वळण आणि वचक

नवे खोंड पहिल्यांदा जुंपतात तेव्हा त्याला एकटे जुंपीत नाहीत. शेजारी म्हातारा, शिकलेला बैल देतात. पहिले आठ दिवस आसूड, शिव्या, ओढाओढ सारे काही होते. पुढे आसूड नुसता खांद्यावर दिसला तरी पुरतो. दोन हंगाम गेले म्हणजे तेच खोंड बांधाशी आले की कासरा न ओढता आपणहून वळते. मग आसूड गेला कोठे? तो त्या जनावराच्या डोक्यात जाऊन बसला. आता ट्रॅक्टर आले आणि खोंड शिकविणारी माणसे थोडी उरली. परंतु ज्यांनी हे काम केले आहे त्यांस आम्ही पुढे काय बोलणार आहोत ते निम्मे कळलेच असेल.

माणसाच्या पोराचेही असेच असते. त्याला आपण वळण लावणे म्हणतो, आणि वळण मोडणाऱ्यावर गाव जो दाब ठेवते त्याला वचक म्हणतो. विद्यापीठांतले लोक पहिल्याला सामाजीकरण आणि दुसऱ्याला सामाजिक नियंत्रण अशी जड नावे देतात. अमेरिकेत एडवर्ड रॉस याने १९०१ साली या नियंत्रणावर एक ग्रंथच लिहिला. फ्रान्सच्या एमिल दुर्खीमने सांगितले की, समाजाच्या रीती आपण जन्मण्याआधीपासून असतात आणि बाहेरून आपल्यावर जोर करितात; तो जोर कळतो मात्र रीत मोडू लागल्यावर. चार्ल्स कूली म्हणाला की, माणूस स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांच्या आरशात पाहतो. 'लोक काय म्हणतील' हे आपल्या आजीचे वाक्य ते हेच. त्याला अमेरिकेहून मागवावयास नको होते. असो. पंडितांचे म्हणणे खरे आहे. ज्या समाजाचा आसूड माणसांच्या डोक्यात बसला, त्याला पोलीस फार लागत नाहीत. आमचा प्रश्न पुढचा आहे. खोंड वळते हे ठीक, परंतु नांगर कोणाचा, आणि शेत कोणाचे?

जुन्या गावात वचक कसा चालत असे, ते आठवून पाहा. कोणी विधवेशी पाट लावला, कोणी खालच्या म्हटलेल्या जातीच्या माणसाबरोबर जेवला, कोणी भिक्षुकावाचून लग्न लावले, की चावडीवरून हुकूम सुटे: वाळीत टाका. हुकूम देणारे घरी जाऊन निजत. तो अंमलात कोण आणी? न्हावी हजामत करीना, लोहार फाळाला धार लावीना, सुतार नांगर भरून देईना, कुंभार मडके देईना, परीट कपड्याला हात लावीना. म्हणजे गावाची सारी शिक्षा बलुतेदारांच्या हातांनी होत असे. त्या बलुतेदाराला विचारले तर तो म्हणे, 'आमचे बलुते बंद होईल.' त्यालाही वाळीत पडण्याचेच भय! एकाचे भय दुसऱ्याच्या गळ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीवर हाच बहिष्कार पडे तेव्हा काम बंद, वाणसामान बंद, वाट बंद. तेथे शिक्षा उपासमारीची होती.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भिक्षुकावाचून पहिले लग्न लागले. मंगलाष्टके कोणी म्हणावी एवढ्याचाच हा वाद नव्हता. हुकूम पाळणारे हात ऐनवेळी मागे घेता येतात काय, याची ती परीक्षा होती. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बंधूंनी सभा भरवून ठरविले की, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही. शास्त्र कोणीही सांगो, वस्तरा आमचा आहे. शास्त्रावर पंडितांचे वाद पुष्कळ वर्षे चालले होते. परंतु वस्तराच उठला नाही तर शास्त्र काय करणार?

हे कारागिरांचे झाले. आता शेतकऱ्याच्या घरात येऊ.

वळचणीला खोचून ठेवलेली कपबशी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिली आहे. शेतावर कामाला येणाऱ्या दलित माणसाची ती वेगळी कपबशी. तो यायचा, स्वतः ती काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळून पुन्हा खोचून ठेवायचा. घरातले पोर एकदा विचारते, 'आई, ह्यांची कपबशी आत का नाही?' आई चहाचे भांडे खाली ठेवून म्हणते, 'गप बस.' एवढेच. तिने पोथी वाचून दाखविली नाही, कोणाला शिवी दिली नाही. ती दुष्ट बाई नव्हे; तिच्या आईनेही तिला असेच गप केलेले असते. पोर गप बसते आणि पुढे जन्मभर बांधाशी आपणहून वळते. खोंडाला पहिले आठ दिवस आसूड तरी लागतो. माणसाच्या पोराला दोन शब्द पुरतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात शनी शिंगणापूर आहे. तेथील घरांना दारे नसतात ही गोष्ट जगात गाजली. चोरी केली तर शनी बघून घेईल, हे तेथल्या पोराला पाळण्यापासून ऐकविलेले. २०११ साली यूको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा काढली. भीतीवाचून एवढे काम कोणी केले असते काय, असे भाविक विचारतात. आम्ही हसून सोडून देत नाही; वळणाचे बळ पाहावयाचे तर ते येथे दिसते. परंतु त्याच गावात २०१५ साली पोलीस ठाणेही आले, आणि २०२५ साली देवस्थानाच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या बनावट ॲपच्या घोटाळ्याची चर्चा थेट विधानसभेत झाली. म्हणजे शनीचा वचक गावच्या घराला दार लावू देत नाही, आणि मोठ्या रकमेला हात घालणाऱ्याच्या डोक्यात तो शिरतही नाही!

याहून विचार करण्याजोगी गोष्ट चौथऱ्याची. २०१५ च्या नोव्हेंबरात एक स्त्री चौथऱ्यावर चढून दर्शन घेऊन गेली, तर मूर्तीची शुद्धी केली गेली. पुढे मोठे आंदोलन झाले. १९५६ च्या मंदिर प्रवेशाच्या कायद्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला स्त्रियांचा हक्क राखण्यास सांगितले, आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढी पाडव्याला, चौथरा स्त्रियांना मोकळा झाला. त्याआधी आंदोलक स्त्रियांना अडविणाऱ्यांत गावच्या स्त्रियाही होत्या. ज्यांना बंदी, त्याच बंदीच्या राखणदार. त्यांना मूर्ख म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. लहानपणापासून ज्या रीतीने आपल्याला चांगली बाई ठरविले, ती रीतच खोटी म्हटल्यावर आपल्या हाती राहिले काय, असे त्यांना वाटले असेल. आसूड डोक्यात बसतो म्हणजे तो असा बसतो.

आणि वळण पुरले नाही म्हणजे? शिंगणापूरजवळच सोनई आहे. तेथे १ जानेवारी २०१३ रोजी तीन तरुण मारले गेले. कारण काय, तर सफाईकाम करणाऱ्या जातीतील मुलाचे वरच्या म्हटलेल्या घरातील मुलीवर प्रेम होते. २०१८ च्या जानेवारीत नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. हाच तो नेवासे तालुका, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वरांच्या आईबापांना वाळीत टाकल्याची, त्या चार पोरक्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी हिंडविल्याची कथा आपल्याकडच्या शेतकऱ्याला पाठ असते. कथा ऐकून डोळ्यांत पाणी येते, आणि कथा संपल्यावर तोच शेतकरी विचारतो, 'अमक्याची पोरगी कोणाबरोबर गेली म्हणे?'

बंधूंनो, येथे थोडे कडू बोलले पाहिजे. पन्नास-शंभर वर्षांपूर्वी भिक्षुकशाहीचे नाव घेऊन आपण हे पाप दुसऱ्याच्या दारी टाकू शकत होतो, आणि त्या काळी त्यात सत्यही पुष्कळ होते. सोनईला हुकूम देण्यास कोण भिक्षुक आला होता? जातपंचायतीत दंड बसविणारे कोण असतात? आपलेच. आसूड आता आपल्या हातात आहे आणि तो आपण आपल्याच लेकीसुनांवर नि गावकुसाबाहेरच्या बांधवांवर उगारतो. मुंबई सरकारने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्राला नवा कायदा करण्यास २०१६ साल उजाडले आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याच्यावर हा प्रसंग येईल त्याने पोलिसांकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे जावे. तो गावचा घरगुती मामला आहे असे कोणी म्हटले तर ऐकू नये.

यावर कोणी विचारील, मग वचकच नको काय? नको असे आम्ही म्हणत नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीत दारू पिणाऱ्याला तीनदा समज देऊन न ऐकल्यास खांबाला बांधून पट्ट्याने मारीत, हे अण्णा हजारे यांनी स्वतः सांगितले आहे. दारू सुटली, बायकांचे हाल कमी झाले, हे आम्ही नाकारीत नाही. तरी तो पट्टा आम्हांला पटत नाही. आज दारूसाठी उठलेला पट्टा उद्या कशासाठी उठेल, हे पट्टा धरणाऱ्याच्या मर्जीवर राहते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचा वचक निराळा. तेथेही बंद्या आहेत: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई. परंतु पाऊस किती पडला, पाणी किती आहे, त्यावर कोणते पीक निघेल, हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडतात. बंदीचे कारण ज्याला त्याला दिसते. पटले नाही तर उठून विचारता येते. एखाद्या नियमाचे कारण पोराने विचारले आणि उत्तर 'गप बस' असे आले, की समजावे तेथे पाण्याचा हिशेब नाही, कोणाचा तरी नांगर आहे.

पंडितांतही एक होता, डेनिस रॉन्ग नावाचा. त्याने १९६१ साली आपल्या सोबत्यांना बजावले की, माणूस समाजात घडतो हे खरे, परंतु तो पुरता घडून संपत नाही; त्याच्या आत काहीतरी कुरकुरत राहतेच. कुंभाराचे मडके एकदा भाजले की फुटेल पण वाकणार नाही. माणूस तसा नव्हे. १८४२ साली आपल्याच अहमदनगरला निघालेल्या ज्ञानोदय पत्रात १८५५ साली मांग जातीच्या मुक्ता नावाच्या शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने धर्माच्या मालकांना जाब विचारला. जिच्या जातीला रस्त्याने सरळ चालण्याची चोरी, त्या मुलीच्या डोक्यातला आसूड फुल्यांच्या शाळेतल्या थोड्या वर्षांत निघाला. निघतो तो असा.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र नि जोडवी काढणे या रीती आमच्या गावात बंद. सरकारने त्याच महिन्याच्या १७ तारखेस परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे कळविले. वाळीत टाकणारे गावच उलट्या दिशेने वचक लावू लागले, ही थोडी गोष्ट नव्हे. तरीही एखादी विधवा आरशापुढे उभी राहून कुंकवाचे बोट कपाळापर्यंत नेते आणि तेथेच थांबते. ठराव चावडीवर लागला. तिच्या डोक्यातला आसूड कोणी काढला नाही. ते काम हळदीकुंकवाला तिला पहिली बोलावणाऱ्या जावेचे, नणंदेचे, सासूचे आहे. बांगड्या फोडण्याची वेळ येईल तेव्हा हात मागे घेणाऱ्या शेजारणीचे आहे.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या वाचकांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेत असा ठराव झाला आहे काय, झाला असल्यास पहिले कुंकू कोणी कोणाला लाविले, आणि झाला नसल्यास कोणी आडवे आले, हे या पत्राकडे जरूर लिहून पाठवावे. नावे छापणार नाही.